जाळी आणि विरी: एक्स्ट्रूजन फोममधल्या मिश्रणाची पार्श्वभूमी

थर्माकोलचा तुकडा मोडला की साबुदाण्यासारखे मणी सुटे होतात आणि दिवसभर कपड्यांना चिकटून बसतात. मिक्सरच्या खोक्यातून निघणारा मऊ पांढरा फोम फाडून बघा. त्यात मणी सापडणार नाहीत, नुसती बारीक जाळी दिसेल. पुण्यात बोहरी आळीतल्या पॅकिंगच्या दुकानात दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेले असतात, पण त्यांची घराणी वेगळी. मण्यांचा थर्माकोल साच्यात वाफेने फुगवतात. ती पद्धत जर्मनीत बीएएसएफ या रसायन कंपनीच्या फ्रिट्झ स्टॅस्टनी यांनी १९५०च्या आसपास बसवली. जाळीचा फोम मात्र एक्स्ट्रूडरमधून, म्हणजे प्लास्टिक वितळवून तोंडातून दाबून काढणाऱ्या मशीनमधून, थेट शीट होऊनच बाहेर पडतो. ही टिपणी त्या दुसऱ्या घराण्याची, आणि त्यात एकाच जातीच्या प्लास्टिकच्या दाण्यावर भागत का नाही, याची.

पुण्याजवळ भोसरीच्या एका कारखान्यात असं एक मशीन मी जवळून पाहिलं आहे. हॉपरमधून दाणा आत जातो, त्यात थोडी टाल्क पावडर. बॅरलमध्ये स्क्रू तो वितळवतो आणि मधेच एका नळीतून दाबाखाली ब्युटेन सोडतात. दाब असेपर्यंत वायू वितळलेल्या प्लास्टिकमध्ये निमूट विरघळून राहतो, बंद बाटलीतल्या सोड्यासारखा. डायच्या, म्हणजे शेवटच्या साच्याच्या, तोंडाशी दाब सुटला की टाल्कच्या कणाकणाशी बुडबुडे उठतात आणि गोल डायमधून पांढरा फुगा बाहेर येतो. तो मँड्रेल नावाच्या गोल नळकांड्यावरून ओढून एका बाजूने चिरला की शीट तयार. एक किलो भरीव पॉलिइथिलीन, म्हणजे पिशव्यांचं प्लास्टिक, लिटरभराहून थोडीच जास्त जागा घेतं. घनमीटरला २० किलो घनतेचा फोम केला, तर त्याच किलोचा ५० लिटर माल होतो.

खरी मेख त्या सेकंदभरात आहे. बुडबुडा फुगतो तशी त्याची भिंत ताणली जाते. ती तेवढा ताण सोसून लगेच थिजली, तर जाळी पडते. नाही सोसला तर भिंती फाटतात, वायू निसटतो आणि शीट बसते. इंग्रजी पुस्तकं याला वितळीची ताकद म्हणतात. मला आपला शब्द जास्त पटतो: विरी. जुन्या ज्वारीच्या पिठाची विरी गेली की भाकरी थापताना कडेने फाटते, मग घरातली बाई त्यात मूठभर दुसरं पीठ मिसळते. फोमवाले गेली कित्येक दशकं हेच करत आले आहेत.

या घराण्याचा मूळपुरुष स्वीडिश. कार्ल मुंटर्स हा विनामोटरच्या फ्रिजचा एक जनक. थंडी कोंडून ठेवायला हलकं काहीतरी हवं, म्हणून पॉलिस्टायरीनमध्ये (थर्माकोलचं प्लास्टिक ते हेच) दाबाने वायू भरून तो फुगवायची युक्ती त्याने आणि जॉन टँडबर्गने १९३१ साली पेटंटसाठी मांडली. त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. दहा वर्षांनी अमेरिकेत डाऊ कंपनीचा रे मॅकिंटायर रबरासारखं लवचीक विद्युतरोधक शोधत होता. त्याने स्टायरीन, म्हणजे पॉलिस्टायरीनचा कच्चा माल, आणि आयसोब्युटिलीन एकत्र दाबाखाली घातलं. स्टायरीनच्या रेणूंची लांब साखळी, म्हणजे पॉलिमर, झालं, आयसोब्युटिलीनचा वायू झाला आणि हाती आला फेस! म्हणजे दोन पदार्थांचं मिश्रण फसलं, म्हणून फोम मिळाला. पुढे डाऊला मुंटर्सचं पेटंट सापडलं आणि त्याचे हक्क घ्यावे लागले. १९४२ मध्ये अमेरिकी तटरक्षक दलाच्या तराफ्यात हा स्टायरोफोम बसला.

पॉलिइथिलीन १९३३ साली आयसीआय या ब्रिटिश कंपनीच्या प्रयोगशाळेत अपघातानेच सापडलं. प्रचंड दाबाखाली बनत असल्यामुळे त्याच्या रेणूला वेड्यावाकड्या लांब फांद्या फुटतात. १९५०च्या दशकात नवे उत्प्रेरक आले आणि सरळ, शिस्तीत वाढणारे रेणू मिळू लागले: एचडीपीई (कडक पॉलिइथिलीन), पॉलिप्रॉपिलीन. कडकपणात आणि उष्णता सोसण्यात हे नवे सरस, पण फोम करायला घेतले की नापास. सरळ धागे एकमेकांवरून घसरतात, फांद्यावाले एकमेकांत अडकतात. त्यातच विरी असते. पॉलिप्रॉपिलीनचं दुखणं तर इतकं की साधारण १६५ अंशांच्या खाली ते थिजतं आणि वर गेलं की पाण्यासारखं सुटतं. त्याला मुद्दाम फांद्या फोडलेला दाणा पुढे बाजारात आला, पण तो महाग, म्हणून साध्या दाण्यात हात राखून मिसळायचा.

मिसळण्याला दुसरा रेटा वायूकडून आला. बरीच वर्षं फुगवायचं काम सीएफसी (जुन्या फ्रिजमधले) वायू बिनबोभाट करत होते. ते प्लास्टिकमध्ये छान विरघळत आणि सावकाश बाहेर पडत. ते ओझोनचा थर खातात हे उघडकीला आलं आणि १९८७ मध्ये त्यांना आवर घालणारा माँट्रिऑल करार झाला. भारत त्यात १९९२ साली सामील झाला. मग कोणी ब्युटेनकडे वळलं, कोणी कार्बन डायऑक्साइडकडे. कार्बन डायऑक्साइड स्वस्त आणि न पेटणारा, पण पॉलिस्टायरीनमध्ये कमी विरघळतो आणि घाईने पळतो. बुडबुडे फार, भिंती पातळ. तेव्हा वायू बदलला की पिठाचं प्रमाणही बदलावं लागलं. माझ्या मते फोमसाठीच्या मिश्रणांचा निम्मा इतिहास रसायनशास्त्राने नव्हे, या करारानेच घडवला.

मिसळणं वाटतं तितकं सोपं नसतं. पॉलिइथिलीनमध्ये ईव्हीए हे त्याचंच मऊ भावंड घातलं तर ते जुळवून घेतं आणि फोम मऊ होतो. पॉलिस्टायरीन घातलं तर तेल-पाण्याची गत. मध्यस्थ रसायन नसेल तर शीट पापुद्र्यांनी सुटते.

आपल्याकडे प्लास्टिकच्या दाण्याचं उत्पादन १९५७ साली पॉलिस्टायरीनपासून सुरू झालं. पुण्यात पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा त्याआधीच, १९५० मध्ये उभी राहिली होती. रघुनाथ माशेलकर तिथे १९७६ साली आले. वितळलेलं पॉलिमर पाण्याच्या नियमाने का वाहत नाही, हा त्यांच्या अभ्यासाचाच प्रांत. भोसरीतल्या ऑपरेटरला ही समीकरणं माहीत नसतात. डायमधून येणाऱ्या फुग्याचा आवाज बदलला की तो आधी तापमानाकडे बघतो, मग दाण्याच्या गोणीकडे. फोमला गिऱ्हाईक मात्र हाताशी होतं: पिंपरी, भोसरी आणि नंतर चाकणचे वाहनांचे सुटे भाग.

एका हिवाळ्यात भोसरीच्या त्या कारखान्यात आदल्या दिवशीचे रोल सकाळी आक्रसून सुरकुतलेले निघाले. ब्युटेन जितक्या घाईने बाहेर जातो तितक्या घाईने हवा आत येत नाही, म्हणून जाळी चिमते. त्याला लगाम म्हणून मिश्रणात शेकडा एक-दोन भाग जीएमएस (मेणासारखं एक रसायन) घालतात. ते त्या पाळीत राहून गेलं होतं. ताजे रोल काही दिवस मोकळ्या हवेत ठेवतात, आणि तिथे काडी ओढायला सक्त मनाई.

मार्च २०१८ मध्ये राज्य सरकारने थर्माकोलची ताटं, पेले आणि सजावटीचा माल बंद केला. त्या वर्षी गणपतीच्या मखरांची मोठी पंचाईत झाली. बोट बहुतेक मण्यांच्या थर्माकोलकडे होतं. एक्स्ट्रूजनचा पॅकिंग फोम तरला, पण त्याचं भंगार भंगारवाल्याला नको असतं. टेम्पो भरतो, काटा हलत नाही. म्हणून बरेच कारखाने आपली कतरण आपणच वितळवून दाणा करतात आणि नव्या दाण्यात मिसळतात. त्यात बाहेरून आलेला क्रॉसलिंक फोम, म्हणजे रेणू एकमेकांना कायमचे बांधलेला, योगासनांच्या चटईसारखा माल, शिरला की घात होतो, कारण दिसायला तोच असला तरी तो पुन्हा वितळत नाही आणि गाठी होऊन मशीनमधली गाळणी तुंबवतो. भोसरीत यावर उपाय म्हणून एक गरम तवा ठेवला आहे. संशयाचा तुकडा त्यावर दाबायचा. ओघळून चिकटला तर हॉपरमध्ये, रबरासारखा तसाच राहिला तर वेगळ्या गोणीत.