इंग्लंडमधला रानमेवा नेमका कुणाचा? : पार्श्वभूमी

ऑगस्ट संपत आला की इंग्लंडच्या खेड्यांतल्या पायवाटांवर जांभळ्या बोटांची माणसं दिसायला लागतात. हातात आइस्क्रीमचा रिकामा डबा, बाहीला ओरखडे, आणि समोर ब्लॅकबेरीचं कुंपण. घोसाच्या टोकाची बेरी सगळ्यात आधी पिकते आणि तीच सगळ्यात गोड, मागच्या नंतर येतात आणि त्या जॅमलाच बऱ्या. करवंदांच्या जाळीत हात घालून मोठं झालेल्या माणसाला काट्यांचं वेगळं काही शिकवावं लागत नाही, पण इथे नवीन आलेला प्रत्येक जण एकदा तरी विचारतो की बाबा, जमीन तर कुणाच्या तरी मालकीची असणार, मग हे तोडलेलं चालतं कसं?

तसं हे भांडण फार जुनं आहे. १२१७ च्या सनदेने राजाच्या जंगलात गुरं आणि डुकरं चारायचे हक्क मान्य केले होते, दक्षिण इंग्लंडमधल्या न्यू फॉरेस्ट या जंगलात आजही शरद ऋतूत ओकची फळं खायला डुकरं सोडतात ते त्यातलंच. नंतर १६०४ ते १९१४ या काळात पार्लमेंटने पाच हजारांवर कायदे करून गावांच्या सामाईक जमिनी बंदिस्त केल्या, इंग्लंडचा साधारण पाचवा हिस्सा. सरपण, चराई, रानातलं खाणं सगळं एकेक करून गेलं. १७८८ मध्ये तर कोर्टाने सांगून टाकलं की कापणीनंतर शेतात सरवा वेचणं हा गरिबांचा हक्क नाहीच, मालकाने वेचू दिलं तर ती त्याची मेहेरबानी. मला यातली सगळ्यात लक्षात राहिलेली गोष्ट म्हणजे ती कुंपणं. जमिनी बंद करायला मैलोनमैल हॉथॉर्नच्या काटेरी कुपाट्या लावल्या, आणि त्यांच्यातच ब्लॅकबेरी, स्लो, एल्डर, रानगुलाब अशी फळझुडपं वाढली. म्हणजे लोकांना बाहेर ठेवायला जे लावलं तेच पुढे लोकांचं खाण्याचं ठिकाण झालं.

दोन महायुद्धांत मात्र हाच रानमेवा सरकारला हवाहवासा वाटला. १९१८ मध्ये शाळेतल्या पोरांना ब्लॅकबेरी तोडायला पाठवलं, सैन्यासाठी जॅम करायचा होता. १९४१ पासून रानगुलाबाची फळं, कारण संत्री येणं जवळपास थांबलं होतं आणि या फळांत व्हिटॅमिन सी भरपूर. मुलांना पौंडाला दोन-तीन पेन्स मिळायचे आणि त्याचं सिरप लहान बाळांना चमच्याने दिलं जायचं. फळाच्या आत बारीक केस असतात, अंगाला लागले की भयंकर खाज, म्हणून सिरप फडक्यातून दोनदा गाळावं लागतं, आजही घरी करणारे असंच करतात. युद्ध संपलं, १९५४ मध्ये रेशनिंगही संपलं, आणि मग जास्त धान्य पिकवा म्हणून कुंपणं उपटायला अनुदान मिळायला लागलं. १९४५ नंतर साधारण निम्मी कुंपणं गेली, आणि त्यांना संरक्षण देणारे नियम यायला १९९७ उजाडलं.

आता मुख्य मुद्दा, १९६८ चा चोरीचा कायदा. त्यात एक छोटं पोटकलम आहे आणि इथला रानमेवा सगळा त्यावर उभा आहे. आपोआप उगवलेली फुलं, फळं, पाला आणि मश्रूम या चार गोष्टी दुसऱ्याच्या जमिनीवरून तोडल्या तरी ती चोरी नाही, अट एकच, विकण्यासाठी किंवा धंद्यासाठी तोडायच्या नाहीत. लावलेल्या बागेतलं सफरचंद यात येत नाही, ती चोरीच. मुळंही येत नाहीत, आणि १९८१ च्या कायद्याने तर मालकाच्या परवानगीशिवाय कुठलंही रानटी झाड मुळासकट उपटणं हा गुन्हा ठरला. म्हणजे एप्रिलमध्ये ओढ्याकाठी रानलसणाची पानं खुडा, पण कांदा उपटू नका. (खुडताना एकेक पान बघून घ्या, त्याच्यातच लॉर्ड्स अँड लेडीज नावाचं विषारी झाड उगवतं आणि कोवळेपणी त्याची पानं ओळखू येत नाहीत.)

पण चोरी नाही म्हणजे तिथे जायची परवानगी आहे असं नाही, आणि इथेच बहुतेकांचा घोळ होतो. पायवाटेवरून हात पुरेल ते ठीक. वाट सोडून शेतात शिरलात तर बिनपरवाना प्रवेश, तो दिवाणी मामला. २००० च्या कायद्याने डोंगर, माळ, हीथ (खुरट्या झुडपांची मोकळी जमीन) अशा इंग्लंडच्या साधारण आठ टक्के जमिनीवर मोकळं फिरायचा हक्क दिला, पण त्याच्याच परिशिष्टात लिहिलंय की झाड किंवा झाडाचा भाग मुद्दाम काढलात तर हा हक्क लागू नाही. म्हणजे त्याच माळावर बिलबेरीची फळं तोडणारा माणूस चोर नाही, पण तोडली त्या क्षणापासून आगंतुक. एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायचं, असं मला तरी हे वाचताना वाटतं.

या सगळ्यात सर्वात जास्त वाद झाला तो २०१६ मध्ये न्यू फॉरेस्टच्या मश्रूमवरून. आधी तिथे माणशी दीड किलोपर्यंत घरी खायला न्यायची मुभा होती. मग रेस्टॉरंटांमध्ये रानटी मश्रूमची फॅशन आली, टोळ्या पिशव्या भरभरून नेतात अशा तक्रारी वाढल्या, आणि जंगल सांभाळणाऱ्या खात्याने त्या संरक्षित भागात कुणीच काही तोडू नये असे बोर्ड लावले. दीड किलोवाला आणि टेम्पोवाला एकाच रांगेत. वर गंमत नाही तर अडचण अशी, की घरी खाण्यापुरतं तोडणाऱ्याला त्या बोर्डामुळे चोर ठरवता येत नाही, १९६८ चं कलम तसंच आहे. त्याआधी २००० च्या दशकात तिथल्याच एका बाईंवर मश्रूमवरून खटला भरला होता, तो काही वर्षं रेंगाळला आणि शेवटी टिकला नाही.

बंदीच्या बाजूने बोलणारे म्हणतात की मश्रूमवर किडे जगतात, नवखा माणूस दुर्मिळ जात ओळखत नाही आणि सरसकट ओरबाडतो. यात तथ्य आहे, लायन्स मेनसारख्या काही जाती कायद्यानेच संरक्षित आहेत आणि त्यांना हात लावायचाच नाही. पण मश्रूम म्हणजे फळ, खरा जीव मातीत जाळ्यासारखा पसरलेला असतो, आंबे उतरवले म्हणून झाड मरत नाही. स्वित्झर्लंडमध्ये जवळपास तीस वर्षं मोजून पाहिलं, तोडल्याने पुढचं पीक घटलं नाही, पायाखाली जमीन तुडवली की मात्र त्या काळात मश्रूम कमी उगवले. मग अडवायचं होतं ते विकणाऱ्यांना, आणि विकणारे व खाणारे यांच्यातली रेघ १९६८ मध्ये आधीच ओढलेली होती. ती रेघ वापरायची सोडून सगळ्यांनाच नको म्हणणं मला चुकीचं वाटतं. लंडनच्या कडेचं एपिंग फॉरेस्ट वेगळं, तिथे स्वतःचे उपनियम आहेत, मश्रूम तोडणाऱ्यांना कोर्टात दंडही झालेत, त्यामुळे न्यू फॉरेस्टचं ऐकून तिकडे टोपली घेऊन जाऊ नका.

 ब्लॅकबेरीची अडचण वेगळी आहे. पक्ष्यांच्या विणीसाठी १ मार्च ते ३१ ऑगस्ट कुंपण छाटायला बंदी असते, म्हणून सप्टेंबर लागला की ट्रॅक्टरला लावलेलं मशिन दोन्ही बाजूंनी कुंपण झोडपत जातं, नेमकं फळ भरात असताना. ब्लॅकबेरी धरते ती आदल्या वर्षीच्या फांदीवर, त्यामुळे दरवर्षी झोडपलेल्या कुंपणावर पुढच्या वर्षीही फारसं काही लागत नाही. दोन-तीन वर्षांआड छाटणारा शेतकरी कुठला, हे गावातल्या म्हाताऱ्यांना बरोबर माहीत असतं, आणि डबे घेऊन माणसं त्याच्याच बांधाला जातात.