सूत्रकृमी आणि पेंड : मधली हरवलेली वर्षे

पाणी आहे, खत आहे, तरी डाळिंबाचे झाड उठत नाही. पाने पिवळी पडतात. शेवटी मुळी उकरून पाहावी तर तिच्यावर मण्यांसारख्या गाठी. सोलापूर-सांगोल्यापासून नाशिकपर्यंतच्या बागायतदारांना हे दृश्य ओळखीचे आहे. गाठी करणारी ही सूत्रकृमी, म्हणजे मुळीत राहणारा धाग्यासारखा सूक्ष्म किडा, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. पिल्ले मुळीच्या टोकाजवळून आत शिरतात, मादी तिथेच ठाण मांडून चिकट पुंजक्यात शेकडो अंडी घालते आणि उष्ण जमिनीत महिन्याभरात पुढची पिढी तयार होते. भारतात तिची पहिली नोंद १९०१ सालची, दक्षिणेतल्या चहाच्या मळ्यातली.

यावर निंबोळी पेंड, म्हणजे निंबोळीचे तेल काढल्यावर उरणारा चोथा, टाकण्याचा सल्ला आजीच्या बटव्यातल्या औषधासारखा सांगितला जातो. पेंड खत म्हणून आपल्याकडे जुनी आहेच. दख्खनच्या कालव्यांखालच्या उसाला ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच घातली जात होती. पण कुजणारा सेंद्रिय पदार्थ सूत्रकृमी का रोखतो, याचा शोध नीट सुरू झाला तो हवाई बेटांवर, अननसाच्या शेतात.

तिथल्या अननस संशोधन संस्थेत मॉरिस लिनफोर्ड यांनी १९३०च्या दशकात अननसाचा चिरलेला पाला सूत्रकृमीग्रस्त मातीत मिसळला. पाला कुजू लागला तसे मुळ्यांवरच्या गाठींचे प्रमाण घटले. त्यांचा तर्क असा : कुजणाऱ्या पाल्यावर आधी निरुपद्रवी सूत्रकृमी वाढतात, मग त्यांना खाणारे जीव आणि फास टाकून पकडणाऱ्या बुरशा वाढतात, आणि या शिकाऱ्यांच्या तावडीत पिकाचा शत्रूही सापडतो. १९३७-३८मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मला या कामाचे मोल फार वाटते, कारण इथे जमिनीतल्या जीवांनाच कामाला लावण्याचा विचार झाला.

आणि याच संस्थेतून पाच-सहा वर्षांत तो विचार मागे ढकलणारी गोष्ट बाहेर पडली. १९४३ साली वॉल्टर कार्टर यांनी डी-डी हे धुरी देणारे रसायन पुढे आणले. ते स्वस्त होते आणि जमिनीत टोचले की परिणाम लगेच दिसत असे. मग पाला कुजण्याची वाट कोण पाहणार? पुढे अशीच धुरीची आणखी रसायने आली : आधी इडीबी, मग १९५०च्या दशकात डीबीसीपी. सेंद्रिय पदार्थांवरचे काम पूर्ण थांबले नाही, पण ते कडेला पडले.

याची किंमत माणसांनी मोजली. १९७७मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॅथ्रॉप येथील कारखान्यात डीबीसीपी हाताळणाऱ्या कामगारांमध्ये वंध्यत्व आढळले आणि दोन वर्षांत अमेरिकेत त्याच्या बहुतेक वापरांवर बंदी आली. मिथाइल ब्रोमाइड हे धुरीचे रसायनही ओझोनच्या थराला हानी करते म्हणून माँट्रियल कराराखाली टप्प्याटप्प्याने बाद होत गेले. आपल्याकडे फोरेट हे जमिनीत टाकायचे कीटकनाशक ३१ डिसेंबर २०२०पासून बंद झाले.

भारतात मात्र या बंदींच्या आधीच पेंडीकडे शास्त्रीय नजर वळली होती. पंतनगरच्या विद्यापीठात आर. एस. सिंग आणि के. सीतारामय्या यांनी भेंडी व टोमॅटोच्या जमिनीत तेलबियांच्या पेंडी घालून गाठी कमी होतात का हे तपासले. ते काम १९६६ साली प्रसिद्ध झाले. अलीगढच्या विद्यापीठातही यावर दीर्घकाळ काम झाले. महागड्या धुरीपेक्षा शेतकऱ्याच्या हाताशी असलेली पेंड तपासणे हा फार मोलाचा निर्णय होता.

पेंडीत असते तरी काय? निंबोळीत ॲझाडिरॅक्टिनसारखी कडू द्रव्ये उरतात, पण तेवढेच कारण नाही, कारण इतर पेंडीही काम करतात. पेंड कुजताना अमोनिया सुटतो, काही सेंद्रिय आम्लेही तयार होतात, आणि ती सूत्रकृमीला मारक ठरतात. अमेरिकेतल्या ऑबर्न विद्यापीठात रॉड्रिगेझ-काबाना आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात दाखवले की पदार्थात नत्र जितके जास्त तितका हा परिणाम मोठा. मात्र नत्र फारच जास्त झाले तर तोच अमोनिया पिकाची मुळी जाळतो. लागवडीच्या दोन-तीन आठवडे आधी पेंड मिसळून ओलावा ठेवायचा, या शिफारशीचे मर्म इथे आहे. उसाच्या पाचटाचे उलट असते. त्यात कर्ब भरपूर आणि नत्र थोडे, त्यामुळे जमिनीतले नत्र आधी सूक्ष्मजीवच उचलतात आणि अमोनिया फारसा सुटत नाही.

लिनफोर्ड यांचे शिकारीही पुढे खरे ठरले. १९७९मध्ये पेरूत पार्विझ जटाला आणि सहकाऱ्यांना सूत्रकृमीच्या अंड्यांवर वाढणारी बुरशी सापडली. तीच आज पॅसिलोमायसिस या नावाने कृषी केंद्रात मिळते. पेंड किंवा शेणखतात ती मुरवून खड्ड्यात घातली तर तिला खाद्य मिळते आणि ती टिकते. नुसती पुडी पाण्यात कालवून कोरड्या, उपाशी जमिनीत ओतली तर फारसे हाती लागत नाही.

पेंडीने सूत्रकृमी समूळ जात नाही, तिची संख्या खाली येते. शेतभर पुरेल इतकी पेंड टाकायची तर खर्चही मोठा. म्हणून रोपवाटिकेचा वाफा, पिशवीतली माती आणि लागवडीचा खड्डा या तीन ठिकाणी ती आधी वापरावी. डाळिंबाच्या किंवा पेरूच्या नव्या बागेत हा रोग अनेकदा रोपाच्या पिशवीतूनच येतो, तेव्हा रोप घेताना एक पिशवी फाडून मुळी पाहून घ्यावी.