‘पीपीपी’ (सार्वजनिक-खाजगी भागीदारी) म्हणजे मैदान विकलं का?

पेठेतल्या ग्रुपवर दर दोन-चार महिन्यांनी हा मेसेज फिरतो: “मैदान पीपीपीवर दिलं, म्हणजे खाजगी मालकाला विकलं. आता पोरांनी खेळायचं कुठं?” बीओटी (खाजगी कंपनीनं बांधून टोलमधून खर्च काढायच्या) रस्त्यांचा टोल भोगलेल्या कोल्हापूरकराला ही धास्ती वाटणं साहजिक आहे.

पण विक्री आणि भागीदारी या वेगळ्या गोष्टी आहेत. अशा करारात जमीन सहसा सार्वजनिक संस्थेच्याच नावावर राहते. खाजगी भागीदार जलतरण तलाव किंवा बॅडमिंटन हॉल बांधतो, ठरलेली वर्षं चालवतो, शुल्कातून खर्च काढतो आणि मुदत संपली की सगळं परत देतो. म्हणूनच त्याला ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’, म्हणजेच बीओटी म्हणतात.

खात्री करायची तर आधी नगर भूमापन कार्यालयातून त्या जागेची मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा. धारक कोण, ते तिथं दिसतं. वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो, त्यामुळं तो इंडेक्स-टूमध्ये (नोंदणी कार्यालयातली दस्तांची सूची) सापडायला हवा. मूळ करार हवा असेल तर माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज करा. उत्तराची मुदत ३० दिवस.

करार हातात आला की मुदत, शुल्कवाढीचा हक्क कुणाला आणि स्थानिक पोरांसाठी राखीव वेळ किती, एवढं आधी वाचा. माझ्या मते भांडायचंच तर या कलमांवर भांडावं. शुल्क परवडलं नाही, तर नाव कुणाचंही असो, तालमीतलं पोरगं गेटबाहेरच राहतं.