राणीच्या बागेचं तिकीट : पार्श्वभूमी

रविवारी भायखळ्याच्या राणीच्या बागेबाहेर लागणारी रांग बहुतेक पेंग्विनसाठी असते. बाग मात्र मुळात झाडांची. शिवडीचं जुनं वनस्पती उद्यान दफनभूमीसाठी घेतलं गेलं, तेव्हा त्याच्या बदल्यात ही जागा मिळाली आणि १८६२ मध्ये बाग लोकांसाठी उघडली. १८७३ मध्ये कारभार पालिकेकडे आला. प्राण्यांसाठी जागा वाढवली गेली ती त्यानंतर, १८९० मध्ये.

ही क्रमवारी २००७ च्या सुमारास महत्त्वाची ठरली. प्राणिसंग्रहालय आंतरराष्ट्रीय दर्जाचं करण्यासाठी थायलंडच्या सल्लागारांकडून शेकडो कोटींचा आराखडा आला. त्यात झाडांचं काय होणार, हे विचारायला काही मुंबईकर महिला पुढे आल्या. त्यांनी झाडं एकेक करून नोंदवली : तीन हजारांहून जास्त झाडं, २८६ जाती. गोरखचिंच आहे, थेट खोडावर फुलं धरणारा कैलासपती आहे, आणि हिवाळ्यात लाल-पिवळ्या फुलांचे लांब घोस खाली सोडणारी उर्वशी आहे. ती मुंबईत सहजासहजी दुसरीकडे दिसत नाही. मूळ आराखडा पुढे बराच आटोपशीर करावा लागला. या नोंदीचं श्रेय त्यात मोठं आहे.

२०१६ च्या जुलैमध्ये दक्षिण कोरियातून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले. ऑक्टोबरमध्ये त्यातला एक दगावला आणि खूप टीका झाली. मार्च २०१७ मध्ये कक्ष खुला झाला आणि गर्दी उसळली.

खरा वाद त्या ऑगस्टपासूनचा. तोवर मोठ्यांना ५ रुपये आणि लहानांना २ रुपये तिकीट होतं. ते ५० आणि २५ झालं. आईवडील आणि दोन मुलांचं मिळून १००. म्हणजे लालबाग-परळच्या ज्या घराचं काम १४ रुपयांत भागायचं, त्याला आता शंभराची नोट मोडावी लागते. सोबत आत्या किंवा मावशी असली, तर तिचे ५० वेगळे. सकाळी फिरायला येणाऱ्यांना महिन्याचा १५० रुपयांचा पास.

पेंग्विन कक्षातलं पाणी आणि हवा चोवीस तास थंड ठेवायची, तर खर्च येणारच. पालिकेचं हे म्हणणं खोटं नाही, आणि दरवाढीनंतर उत्पन्नही भरपूर वाढलं. पण तो खर्च सगळ्या बागेवर का टाकला? डबा घेऊन झाडाखाली दोन तास बसायला येणाऱ्या माणसाला पेंग्विन बघायचेच नसतात, तरी दारातच तो पन्नास रुपये मोजतो. दाट वस्तीच्या या भागात एवढी, ५० एकरांहून मोठी सावली दुसरी नाही. पेंग्विन कक्षाला वेगळं तिकीट आणि बागेला नाममात्र दर, एवढी साधी विभागणी तेव्हाच करता आली असती. आजही करता येईल.