कार्डिनलफिशची अवर्णित जात ओळखणं

प्रवाळखडकांत राहणाऱ्या ॲपोगोनिडी, म्हणजे कार्डिनलफिशच्या कुळातल्या माशाला शास्त्रीय नाव आधीच मिळालंय की नाही, हे तपासायचं काम. या कुळात साडेतीनशेच्या वर जाती आहेत, बहुतेक बोटभर, रात्री चरणाऱ्या, आणि अंडी नर तोंडात सांभाळतो. जळगाव-धुळ्याकडं ॲक्वेरियमच्या दुकानात ‘कार्डिनल’ मागितला तर बहुधा कार्डिनल टेट्रा पुढं येतो, तो दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा, वेगळ्याच कुळातला. तापी-गिरणेतही हे मासे नाहीत, गोड्या पाण्यात राहणारी ग्लॉसामिया ही यांची प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) ऑस्ट्रेलिया-न्यू गिनीकडची.

खरा गुंता जुन्या नावांचा. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लासेपेदनं १८०२ मध्ये या कुळातल्या माशांना ऑरियस आणि फ्लरियू अशी दोन नावं दिली, पुढं या दोन जातींची बरीच सरमिसळ झाली, आणि १९९० मध्ये रँडल, फ्रेझर आणि लॅक्नर यांनी दोन्ही वेगळ्या असल्याचं मांडलं, तेच मत जास्त पटतं. फरक शेपटीच्या देठावरच्या काळ्या खुणेत आहे: ऑरियसचा पट्टा डमरूसारखा मधे आवळलेला, तर फ्लरियूला लहानपणी गोल ठिपका असतो, वय वाढतं तसा तो पसरून सरळ कडांचा पट्टा होतो. म्हणून नुसता ठिपका वेगळा दिसला की नवी जात असं धरू नये, तो वयाचाही फरक असू शकतो. शिवाय पूर्वी ॲपोगॉन प्रजातीत असलेल्या कितीतरी जाती आता ऑस्टोऱ्हिंकस वगैरे प्रजातींत गेल्यात, २०१४ मध्ये माबुची आणि सहकाऱ्यांनी अख्ख्या कुळाची फेरमांडणी केली, त्यामुळं शोध जुन्या आणि नव्या अशा दोन्ही नावांखाली घ्यावा लागतो.

रंगाचे फोटो मासा जिवंत असताना किंवा मेल्यामेल्या काढावेत, कारण स्पिरिटमध्ये लाल-पिवळा उडतो, काळ्या खुणा तेवढ्या टिकतात. डीएनएसाठी पराचा तुकडा आधी अल्कोहोलमध्ये ठेवायचा, मग मासा फॉर्मॅलिनमध्ये, उलट केलं तर डीएनए खराब होतो. नंतर परांचे काटे आणि किरण, पार्श्वरेषेवरचे (अंगाच्या बाजूनं जाणाऱ्या रेषेवरचे) खवले, कल्ल्यांवरचे दाते मोजतात.

खान्देशात अडचण येते ती इथंच. समुद्री टाकीतला मासा व्यापाऱ्यांच्या हातून हातात फिरत येतो आणि तो कुठल्या खडकावर पकडला हे कुणालाच सांगता येत नाही. मोजमाप कितीही नीट असलं तरी पकडल्याच्या जागेशिवाय तो नमुना नव्या जातीचा आधार म्हणून फार कच्चा राहतो. तरी मेलेला मासा फेकू नये, दुकानाचं नाव आणि तारीख चिठ्ठीवर लिहून ठेवावी, त्यावरून कधीकधी मागचा माग काढता येतो.