ज्वारीतली तूर आणि गावातली सावड

एकमेकांच्या आधाराने वाढणाऱ्या पिकांचा दाखला हल्ली बचत गटाच्या मेळाव्यापासून कंपनीच्या शिबिरापर्यंत कुठेही दिला जातो. दख्खनच्या कोरडवाहू पट्ट्यात मात्र ही गोष्ट दाखला म्हणून कुणी शोधून काढली नव्हती. एका वावरात दोन पिकं आणि एका औताला दोन घरचे बैल, या दोन्ही सवयी एकाच अडचणीतून आल्या: पाऊस बेभरवशाचा आणि साधनं तुटपुंजी.

खरिपातली ज्वारी आणि तूर घ्या. तिफणीमागे दोरीने बांधलेलं मोघण, म्हणजे बी सोडायची नळी, धरून बाई चालायची, आणि ज्वारीच्या काही ओळी झाल्या की तुरीची एक ओळ पडायची. ज्वारी झपाट्याने वाढते आणि चारेक महिन्यांत कापणीला येते. तूर तोवर रांगतच असते. पहिले दोन महिने तिची वाढ इतकी धिमी की नवख्याला ती रोगट वाटावी. ज्वारी निघाली की तिला ऊन मिळतं, सोटमूळ खोल गेलेलं असतं, आणि खालच्या ओलीवर ती हिवाळ्यात शेंगा धरते. म्हणजे दोघींचं जमतं ते प्रेमामुळे नव्हे. एकीची भूक आधीची, दुसरीची नंतरची. मध्येच पावसाने ओढ दिली आणि ज्वारी गेली, तरी तूर तग धरण्याची आशा असते. दोन्ही साधल्या तर भाकरीसोबत वरण, जनावरांना कडबा, कुडाला आणि चुलीला तुराट्या.

1972 मध्ये हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट ही संशोधन संस्था सुरू झाली आणि तिथे या जोडीची रीतसर मोजदाद झाली. तुरीच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात हे माहीत होतंच. 1990 मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली: तुरीची मुळं पिसिडिक आम्ल सोडतात आणि जमिनीत लोहाशी जखडलेला स्फुरद (फॉस्फरस) मोकळा करतात. त्याचा फायदा पुढच्या पिकालाही मिळतो. ज्वारीच्या सोबतीने तुरीवरचा मर रोग कमी पडतो, हेही तिथल्या प्रयोगांत दिसलं.

माणसांच्या बाजूला याच प्रकारची व्यवस्था म्हणजे सावड. ज्याच्याकडे एकच बैल, तो दुसऱ्या एकबैल्याशी जोडी लावायचा. आज तुझं रान, उद्या माझं. इर्जिक म्हणजे पाच-दहा औतं एकाच्या शेतावर लोटायची, काम एका दमात उरकायचं आणि जेवण शेतमालकाकडे. जुन्नर-आंबेगावच्या आदिवासी भागात डोंगरउतारावर भातखाचरं पाडायला माणसं अशीच जमत. त्या रीतीला पडकई म्हणतात.

पण इथे पिकांची उपमा थोडी लंगडी पडते, आणि मला वाटतं तेच जास्त बोलकं आहे. वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, सगळ्यांच्या रानाला एकदमच येतो. मग आधी कुणाचं पेरायचं? पाळी मागे पडली, ओल उडाली, की त्या घराचं वर्ष हुकायचं. तूर-ज्वारीला वेळेची वाटणी निसर्गाने करून दिली आहे. सावडीत ती दरवर्षी बोलून, कधी भांडून करावी लागे.

मोडतोडही दोन्हींची जवळपास एकाच काळात सुरू झाली. 1964 मध्ये सीएसएच-1 हा ज्वारीचा देशातला पहिला संकरित वाण आला: ठेंगणा, लवकर येणारा, खत मागणारा. पुढे सोयाबीन पसरलं आणि खरीप ज्वारी आक्रसली. तूर मात्र चिवट. ती सोयाबीनच्या आणि कपाशीच्या ओळींत जाऊन बसली. बैल कमी झाले, ट्रॅक्टर भाड्याने मिळू लागला, तशी औताची सावड सुटली. भातलावणीत आणि खुरपणीत ती अजून दिसते, बहुतेक बायकांमध्येच.

मराठवाड्यात बायकांनी मिश्र पिकाचा धागा पुन्हा उचलला. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या कामातून दुष्काळी गावांतल्या शेतकरी बायका घरच्या जमिनीतला एखादा एकर मागून घेऊ लागल्या आणि त्यात भाजीपाला, डाळी, धान्य एकत्र घेऊ लागल्या. आधी घरचं खाणं, उरलं तर बाजार. संस्थेला 2016 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. सातबारा मात्र अजूनही बहुतेक घरांत नवऱ्याच्या नाहीतर सासऱ्याच्या नावावर असतो. एकर मिळतो तो बोलणी करून.