फुप्फुसाच्या कर्करोगाची चाळणी तपासणी

कोणतीही लक्षणे नसलेल्या, पण धूम्रपानामुळे धोका वाढलेल्या व्यक्तीच्या छातीचा कमी मात्रेचा सीटी स्कॅन ठरावीक अंतराने काढून कर्करोग लवकर हुडकण्याची पद्धत. थुंकीतून रक्त पडत असेल, वजन घटत असेल, तर ही तपासणी लागू नाही; अशा रुग्णाला थेट निदानाच्या तपासण्या लागतात.

साध्या एक्स-रेचा या कामी उपयोग होत नाही. हृदय आणि बरगड्यांच्या सावलीत लहान गाठ लपून जाते. अमेरिकेत ५३,४५४ जणांवर झालेल्या मोठ्या चाचणीत निम्म्यांचा सीटी, निम्म्यांचा एक्स-रे दरवर्षी एक असा तीनदा काढला. २०११ साली निष्कर्ष आला: सीटी गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू २० टक्क्यांनी कमी.

अमेरिकेतील २०२१ च्या शिफारशीनुसार वय ५० ते ८०, किमान २० पॅक-वर्षे धूम्रपान, आणि सवय चालू किंवा सुटून १५ वर्षांच्या आत, अशांनी दरवर्षी स्कॅन करावा. रोज २० सिगारेटी वर्षभर म्हणजे एक पॅक-वर्ष. रोज १० सिगारेटी ४० वर्षे ओढल्या तरी आकडा २० च. विडीचा हिशेब या मापात नीट बसत नाही, ही आपल्याकडची खरी अडचण.

स्कॅनला सुई नाही, उपाशीपोटी राहणे नाही. उताणे झोपून हात डोक्यावर घ्यायचे आणि श्वास पूर्ण भरून काही सेकंद रोखायचा. श्वास सुटला की चित्र हलते आणि बारीक गाठी पुसट होतात. किरणोत्सर्ग सुमारे १.५ मिलिसिव्हर्ट, नेहमीच्या सीटीपेक्षा पुष्कळ कमी. छातीत नुकताच संसर्ग झाला असेल तर थांबावे; न्यूमोनियाचा डागही गाठीसारखा दिसतो.

अवघड काम पुढचे. वरील चाचणीत सीटीवर संशयास्पद ठरलेल्यांपैकी सुमारे ९६ टक्के निष्कर्षांत कर्करोग नव्हताच. म्हणून गाठ दिसताच तिचा तुकडा काढून तपासण्यासाठी सुई घालत नाहीत. सुईने फुप्फुसाला छिद्र पडून हवा छातीत साचू शकते. पहिल्या स्कॅनमध्ये ६ मिमीपेक्षा लहान घन गाठ दिसली तर वर्षाने पाहतात, ६ ते ८ मिमीची असेल तर सहा महिन्यांनी, त्याहून मोठी असेल तर लवकर. व्यास ६ वरून ७.६ मिमी झाला तरी आकारमान दुप्पट होते, आणि एवढा फरक हाताने मोजताना सहज निसटतो. म्हणून नेदरलँड्स-बेल्जियमच्या नेल्सन चाचणीत संगणकाने आकारमान मोजले.

भारतात जुन्या क्षयाच्या खुणा गोंधळ वाढवतात. पूर्ण चुनखडी झालेली गाठ निरुपद्रवी. न झालेली मात्र कर्करोगासारखीच भासते. उलटी चूक, म्हणजे कर्करोगालाच क्षय समजणे, अधिक घातक: थुंकीत जंतू न सापडताही क्षयाची औषधे सुरू होतात आणि महिने वाया जातात. यासाठी जुने एक्स-रे व सीटीच्या सीडी जपून सोबत न्याव्यात. दोन वर्षे तसूभरही न वाढलेली घन गाठ बहुधा निरुपद्रवी असते, आणि ते जुन्या चित्राशी ताडूनच कळते.